हिरव्या रंगाखालच्या पायऱ्या

घोटी,
९ नोव्हेंबर १९७८

सौ. विमलवहिनींस,
केरूचा जयभीम.

वहिनी, शिड्या आल्या! काल ट्रकमधून उतरवल्या तेव्हा सगळी टोळी भोवती जमली होती. मी मोठ्यानं सांगून टाकलं, "यांच्या पायऱ्या माझ्या दादानं केल्यात. नाशकात सातपूरला त्याचा कारखाना आहे." कारखाना म्हणालो बरं का, गाळा नाही म्हणालो. उभे दांडे ठेकेदाराच्या माणसांनी जोडले आणि वरून हिरवागार रंग दिला. आमच्या जुन्या बांबूच्या शिड्या पावसात भिजून कुजल्या होत्या. चढताना अशा करकरायच्या की खांबापेक्षा शिडीचीच भीती वाटायची.

माझा जोडीदार पुंजा पायऱ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "लेका, सगळ्या एकसारख्या हायेत. साच्यातून काढल्यावानी." मग मी त्याला सगळं समजावलं. दादा कटरवर पट्ट्या कशा पाडतो, लेथवर एकीमागून एक कशा गोल करतो, आणि तुम्ही प्रत्येक पायरीचं टोक लोखंडी पट्टीच्या भोकात घालून कसं तपासता. पुंजाची बायको सुलाबाई भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "म्हंजे आता माझा माणूस तुमच्या भावाच्या भरवशावर."

ठेकेदाराला दादाचं नाव मी सुचवलं, तेव्हा आमचा मुकादम बुधा म्हणाला होता की सुताराचं काम सुताराच्या पोरालाच द्यावं, आयटीआय शिकून कोणी सुतार होत नाही. त्याचा रोख कशावर होता ते तुम्हाला सांगायला नको. काल तोच बुधा नव्या शिडीवर चढला, उतरला आणि काही बोलला नाही. मला तेवढं पुरे आहे.

भाताची कापणी उरकत आली. रिकाम्या खाचरांतून आम्ही विहिरींच्या पंपांसाठी विजेची लाइन ओढतोय. दादाला सांगा, केरूची मान ताठ झाली.

आपला,
केरू


नाशिक,
१४ नोव्हेंबर १९७८

केरूभावजींस,
जयभीम.

पत्र पोचलं. यांनाही वाचून दाखवलं. हे ऐकत होते, बोलले मात्र काही नाहीत. हल्ली कामाचा ताण आहे.

इकडे सर्व ठीक. थंडी पडू लागली आहे, उघड्या अंगानं काम करू नका.

एक सांगायचं आहे. नवीन शिडी आहे, तेव्हा येती अमावास्या होऊन जाईपर्यंत तुम्ही तिच्यावर पाय ठेवू नका. पुंजाभाऊंनाही ठेवू देऊ नका. तोवर जुन्या शिड्या बऱ्या. वहिनीचा वेडेपणा म्हणा, पण एवढं ऐका.

पत्र हेच टपालात टाकणार आहेत, म्हणून आवरतं घेते.

तुमची,
विमल


घोटी,
१९ नोव्हेंबर १९७८

वहिनी,
जयभीम.

तुमचं पत्र वाचून इतका हसलो की पुंजानं विचारलं, लॉटरी लागली का. तुम्ही आणि अमावास्या! विहारात बायकांना गंडेदोरे सोडायला लावणाऱ्या तुम्हीच ना? माझ्या लग्नात मुहूर्त विचारणाऱ्या मामाला तुम्ही काय सुनावलं होतं, ते मी अजून लोकांना सांगतो. आता सातपूरच्या शेजारणींची हवा लागली म्हणायची.

काळजी करू नका. जुन्या शिड्या मुकादमानं जाळून टाकल्या, त्यांच्यावर पाणी तापवून आम्ही अंघोळी केल्या. नव्या शिड्यांवर सगळे रोज चढताहेत. पुंजा तर माकडासारखा. कालच वरून ओरडला, "केरू, तुझ्या भावाला सांग, माझ्या घरच्या जिन्यालाबी अशाच पायऱ्या पाहिजेत!"

दादा गप्प का आहे? पैशाची अडचण असेल तर कळवा.

केरू


नाशिक,
२२ नोव्हेंबर १९७८

केरूभावजी,

हे पत्र मी स्वतः टपालात टाकते आहे. यांना माहीत नाही. मी तार करणार होते, पण ती तुमच्या मुकादमाच्या हाती पडेल आणि दोन ओळींत हे कोणाला पटणारही नाही.

मला अमावास्येचं काही नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? म्हणूनच तो शब्द घातला. वाटलं, वहिनी असं लिहिते म्हणजे काहीतरी आहे, हे तुम्ही ओळखाल. ते पत्र हे स्वतः वाचूनच पाकीट बंद करणार होते, म्हणून मला उघड लिहिता येत नव्हतं. तुम्ही हसलात. चूक तुमची नाही.

आता सरळ सांगते. त्या पायऱ्या खराब आहेत. सगळ्या नाहीत, पण कोणत्या ते बाहेरून कळत नाही.

तुमचं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ही गोष्ट घडली. उरलेल्या पायऱ्यांची यांनी आपल्या माळ्यासाठी छोटी शिडी जोडली होती. हे चढले आणि तिसरी पायरी गेली. मधोमध मोडली नाही, भावजी, तिरकी चिरली, एखाद्या पाचरीसारखी. भुशाच्या ढिगावर पडले म्हणून लागलं नाही. मी दोन्ही तुकडे उजेडात नेले. लाकडाच्या शिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हव्यात. त्या मध्येच एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं बाहेर पडल्या होत्या.

मी विचारलं, "हे लाकूड कुठलं?"

"वखारीतलंच."

"मग शिरा अशा का?"

"एक ओंडका वाकडा होता."

"वाकड्या ओंडक्यातून सरळ पायऱ्या कशा निघाल्या?"

यांनी माझ्या हातातले तुकडे घेऊन भुशात टाकले. मग म्हणाले, "मशीनला काय, ते सरळच कापतं."

तुम्हाला समजावं म्हणून लिहिते. हातानं कापणारा शिरेच्या मागे जातो, लाकूड वाया गेलं तरी. कटरला एकदा मापाची पट्टी लावून दिली की तो सगळे तुकडे सारखेच पाडतो. शिरा कुठे चालल्यात ते तो बघत नाही. ठेकेदाराची घाई होती, यांनी वाकडा ओंडकाही त्याच पट्टीला लावला. बाहेरून पायरी सरळ, आतून तिरकी. हातानं केलेली एक पायरी चुकली तर एकच चुकते. आमच्या पद्धतीत त्या ओंडक्याच्या सगळ्याच चुकल्या आणि चांगल्यांत मिसळून गेल्या. मी लांबी पाहिली, जाडी पाहिली, टोकं पाहिली. शिरा पाहायच्या असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वरून ठेकेदारानं रंग दिला.

मी म्हणाले, ठेकेदाराला आत्ताच्या आत्ता सांगा. हे म्हणाले, "एखादीच तशी असेल. सांगितलं तर उद्यापासून नाशकात मला कोण काम देईल? लोक म्हणतील, बघा, म्हटलं नव्हतं?" तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे. रात्री उठून बसतात. मी उठले की झोपल्याचं सोंग घेतात.

भावजी, रंग खरवडून बघा. शिरा तिरक्या दिसल्या तर ती शिडी बाजूला काढा. पुंजाभाऊंना सांगा. लगेच उत्तर पाठवा. नुसतं "बरा आहे" लिहिलंत तरी चालेल.

विमल


घोटी,
२५ नोव्हेंबर १९७८

वहिनी,

बरा आहे.

दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा मी एका शिडीचा रंग चाकूनं खरवडला. चौथी पायरी तिरकी. सातवी तिरकी. त्या शिडीवर मी परवा अर्धा दिवस होतो, खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन.

बुधाकडे गेलो. त्याला खरवडलेली जागा दाखवली. तो म्हणाला, "लाकडात रेघा असणारच. भावाशी भांडलास काय? वाटणीचं काही आहे का?" मी सांगितलं, आमच्यात वाटायला आहेच काय? तो म्हणाला, महिनाअखेर पंप चालू करून द्यायचेत, शिड्या बदलायला त्याच्या हातात काही नाही, ठेकेदाराला विचार. ठेकेदार इकडे कधी फिरकतो?

पुंजाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "इतके दिस चढतोय, मोडायची असती तर मोडली नसती व्हय?" त्यानं नकार दिला तर त्याची रोजी जाईल, हे तो बोलला नाही. मला कळलं. सुलाबाईला मी काही सांगू शकलो नाही. ती मला भाकरी वाढत होती आणि मी खाली मान घालून खात होतो.

मी आता खांबाला दोर टाकून चढतो. सगळे मला भित्रा म्हणतात. म्हणू देत. पण दुसऱ्यांना मी कसा अडवू? माझं कोण ऐकतंय? ज्यानं पायऱ्या केल्या त्यानं येऊन सांगितलं तरच ऐकतील.

हे पत्र दादाला वाचायला द्या. पुढचं त्याच्यासाठी.

दादा, तुझ्या नावावर मी इथे ताठ मानेनं फिरलो. तू ये. नाही आलास, आणि इथे कोणी पडलं, तर मी तुझ्या दारात पुन्हा पाय ठेवणार नाही. आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

केरू


नाशिक,
२८ नोव्हेंबर १९७८

भावजी,

तुमचं पत्र आज सकाळी आलं. मी लेथ बंद केला आणि यांच्या हातात दिलं. यांनी उभ्यानंच वाचलं. मग घडी घालून खिशात ठेवलं, खुंटीवरची करवत घेतली आणि चपला घालून निघून गेले. अंगावर कामाचाच सदरा. "कुठे निघालात?" विचारलं तर मागे वळून पाहिलं नाही.

मला वाटलं, घोटीच्या गाडीला गेले. जिवात जीव आला. पण शेजारच्या गाळ्यातल्या सुमनबाई आत्ता सांगून गेल्या की त्यांनी यांना गंगापूर रोडला ठेकेदाराच्या बंगल्यात शिरताना पाहिलं आणि फाटक आतून बंद झालं.

काय समजू मी? सांगायला गेले, की मिटवायला? गेल्याच आठवड्यात ठेकेदाराचा निरोप होता, पुढचं मोठं काम तुम्हालाच देतो म्हणून. मी माझ्या नवऱ्याबद्दल असा विचार करते आहे याची मला लाज वाटते. तरी विचार येतोच आहे.

दिवेलागण झाली. अजून परत आले नाहीत. तुमच्याकडे आले असतील तर कळवा, नसतील तरी कळवा.

विमल


घोटी,
१ डिसेंबर १९७८

वहिनी,

दादा माझ्याकडे आहे. सुखरूप आहे. पुंजाही सुखरूप आहे. आधी हे वाचा, मग पुढचं.

तो ठेकेदाराकडे गेला होता ते खरं आहे. शिड्या परत घ्या, मी फुकट नव्या पायऱ्या करून देतो, असं सांगायला. ठेकेदार म्हणाला, माल रंगवून झाला, आता तो तुझा नाही. चार दिवस गप्प बस, पुढचं कामही तुझंच. दादानं विचारलं, "चार दिवसांत कोणी पडलं तर?" ठेकेदारानं त्याला बाहेर काढलं. रात्र त्यानं स्टँडवर काढली, पहाटेच्या गाडीनं निघाला आणि आमच्या गोदामासमोर येऊन उभा राहिला. हातात करवत.

बुधा म्हणाला, "कोण रे तू?"

"या पायऱ्या करणारा. शिड्या खाली घ्या. मोडतील."

"आपला माल खराब म्हणणारा दुकानदार आजच बघतोय. प्यायलास काय?"

सगळे हसले. दादानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला लावलेली एक शिडी उचलली, दोन दगडांवर आडवी ठेवली आणि एकेका पायरीवर उभा राहत चालू लागला. पहिली राहिली. दुसरी राहिली. प्रत्येक पायरीला लोक "शाब्बास" म्हणत होते, डोंबाऱ्याचा खेळ असल्यासारखे. त्याच्या कपाळावर घाम आला होता. वहिनी, खोटं कशाला सांगू, पायरी मोडावी म्हणून मी मनात धावा करत होतो, आणि मोडू नये म्हणूनही.

मग चिरली. आवाज फार मोठा नव्हता, ओली फांदी पिळल्यासारखा. दादा खाली उतरला, तुकडा उचलून त्यानं बुधाच्या हातात दिला. बुधानं त्या तिरक्या शिरेवरून अंगठा फिरवला. हसणं थांबलं होतं.

दादानं विचारलं, "बाकीच्या शिड्या कुठे?"

बुधा म्हणाला, "पुंजा एक घेऊन गेलाय. ओढ्याच्या खांबावर."

आम्ही धावलो. कापलेल्या भाताचे सड पायात घुसत होते, बांधावरून उड्या मारत होतो. दादाच्या चपला मागेच कुठे राहिल्या. लांबून पुंजा दिसला, खांबाच्या टोकाला पट्ट्यानं बांधलेला, खाली हिरवी शिडी. काम आटपलं होतं. तो पट्टा सोडत होता आणि एक पाय शिडीकडे सोडलेला होता.

मी ओरडलो, "पुंजा, शिडीवर पाय नको!"

"का रं? साप चढला का?"

"शिडी मोडतीय! दादा स्वतः सांगायला आलाय! खांबाला धर!"

त्यानं माझ्यामागे धावत येणारा दादा पाहिला आणि त्याचा चेहरा बदलला. पाय वर घेतला. खांबाला मिठी मारून तो घसरत खाली आला. छातीची आणि मांड्यांची सालटी निघाली. जमिनीवर टेकल्यावरही त्यानं खांब सोडला नाही. दादानं ती शिडी आडवी पाडली आणि पाय दिला. वरच्या टोकाच्या, पुंजा जिच्यावर पाय टाकणार होता त्याच पायरीचे दोन तुकडे झाले.

पुंजानं तुकड्यांकडे पाहिलं. मग उठला आणि दादाच्या थोबाडीत दिली. पुन्हा एक दिली. दादानं हात वर केला नाही. मी पुंजाचा हात धरला नाही, वहिनी. बुधानंही नाही.

संध्याकाळी इथल्या सगळ्या शिड्या दादानं स्वतः करवतीनं कापल्या. बुधानं ठेकेदाराला निरोप धाडला की नव्या शिड्या येईपर्यंत टोळी बसून राहील. मला कामावर ठेवलंय.

दादा जेवत नाही. उद्या त्याला गाडीत बसवून देतो. त्याला काही विचारू नका.

केरू


नाशिक,
२० जानेवारी १९७९

केरूभावजींस,
जयभीम.

तुमचं मागचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. यांच्याबद्दल माझ्या मनात आलं होतं ते यांना कधी कळू नये.

ठेकेदारानं काम तोडलं, हे ओघानंच आलं. सोबत फर्निचरवाल्यांनीही खुर्च्यांचे पाय करायचं काम दुसरीकडे दिलं. आपलाच माल करवतीनं कापणारा माणूस, म्हणून यांना हसतात. मी पोळपाट-लाटणी करून रविवार कारंज्याच्या दुकानात देते. लेथ मीच चालवते. प्रत्येक पट्टी आधी उजेडात धरते, शिरा सरळ दिसल्या तरच पुढे. माल थोडा होतो, पण होतो.

परवा सुलाबाई आल्या होत्या. मी ओळखलं नाही. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पायऱ्या करणारा कोन?" हे पुढे झाले. मला वाटलं, आता त्या बाईंच्याही हातचा मार. त्या म्हणाल्या, "तुमीच माझ्या माणसाला मरायला चढवला व्हता. अन् तुमीच उतरवला. आता मी तुमाला काय म्हनू ते तुमीच सांगा." यांनी त्यांना बसायला पाट दिला. त्या बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हे रात्री म्हणाले. घोटीहून आल्यानंतर यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

आता यांचं एकच काम. ठेकेदाराच्या टोळ्या जिथे जिथे असतील तिथे जायचं, रंग खरवडायचा, तिरक्या पायऱ्या काढून नव्या बसवायच्या. ठेकेदार ठिकाणं सांगत नाही, पण बुधा मुकादम निरोप पाठवतात. पेठकडच्या झाल्या, सिन्नरच्या झाल्या. एकच शिडी सापडत नाही. घोटीहून गेली होती, पण कोणाकडे, ते कोणालाच आठवत नाही. एसटीत बसले की हे खिडकीतून एकेक खांब बघत जातात. कुठे कोणी पडल्याची बातमी आली की कामाला हात लागत नाही.

ती शिडी तुम्हीही शोधा, भावजी.

विमल


घोटी,
३ फेब्रुवारी १९८०

सौ. विमलवहिनींस,
जयभीम.

शिडी सापडली. दादा उद्या घरी येईल, पण तो काही सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

इथून पलीकडच्या एका वाडीत, लंकाबाई नावाच्या म्हातारीच्या घरात होती. तिच्या शेतात खांब घातले तेव्हा आमची टोळी शिडी तिथेच विसरली. वर्षभर ती म्हातारी त्या शिडीनं तांदळाच्या माळ्यावर चढते-उतरते आहे, डोक्यावर पाटी घेऊन. पुंजानंच पाहिली आणि मला सांगितलं. दादाला तार केली, तो लगेच आला. एसटीच्या टपावर तुमच्याकडची नवी शिडी बांधून.

म्हातारी ऐकेना. "लय चांगली शिडी हाय. मी देत नाय." दादानं हात जोडले. म्हणाला, "नवी घ्या, ही मला द्या. हिच्या पायऱ्या खराब आहेत." ती म्हणाली, "तुमाला काय ठावं?" दादा म्हणाला, "मी केल्यात."

शेवटी ओट्यावर आडवी घेतली. दादा रंग खरवडू लागला. मी बाजूला बसलो होतो. पहिली पायरी सरळ. दुसरी सरळ. त्यानं चाकू माझ्या हातात दिला, तिसरी मी खरवडली. सगळ्या झाल्या, वहिनी. एकही तिरकी नव्हती. त्यानं शिडी उलटी करून खालूनही खरवडली. प्रत्येकीवर उभा राहिला. शिरा या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओढलेल्या दोरीसारख्या.

एक वर्ष तो हिच्या भीतीनं झोपला नव्हता.

मला वाटलं, आता हसेल. तो ओट्यावर बसून राहिला, मांडीवर हिरव्या रंगाचा भुगा. मग लहान पोरासारखा मला म्हणाला, "केरू, ह्याही मीच केल्या होत्या ना रे?"

मी त्याच्या मांडीवरचा भुगा झटकू लागलो.

आतून लंकाबाई म्हणाली, "कुनीबी केल्या असू द्या. चांगल्या हायेत ना? मंग ठेवा जागेवर, अन् चहा प्या."

दादा चहा प्यायला. दोन कप.

आपला,
केरू